गिअर अचानक गेला नव्हता

ताईला मी फोनवर सांगितलं, "गिअर अचानक गेला गं. त्यात ही मुलं पाय आपटतात, त्यानं होतं असं." दोनच वाक्यं. पहिलं खोटं होतं. दुसरं त्याहून वाईट होतं, कारण पहिल्यानं मी स्वतःला वाचवलं आणि दुसऱ्यानं माझ्या भाच्याला पुढे ढकललं. त्या दोन वाक्यांचा हिशेब मी आज इथे मांडतो आहे. मनातल्या मनात तो पुष्कळदा मांडला, पण मनात मांडलेल्या हिशेबात माणूस आपल्या सोयीचा आकडा हळूच घुसवतो. कागदावर तसं करताना हात थांबतो.

जुलै २०२३ ची गोष्ट. ताई घाटकोपरला पंतनगरात राहते, मी मुलुंड पूर्वेला. भाच्याला अंधेरी एमआयडीसीत पहिली नोकरी लागली होती, दुसरी पाळी. जाताना तो घाटकोपरहून मेट्रोनं जायचा. पाळी सुटायची रात्री साडेबाराला, तोवर शेवटची मेट्रो गेलेली असायची. रात्री त्याला एक सहकारी गाडीवरून सोडायचा. तो आठवडाभर गावी गेला, तेव्हा ताईचा फोन आला. तुझी मोटरसायकल चार दिवस त्याला देशील का? मला अडचण काहीच नव्हती. माझी कंपनीही एमआयडीसीतच, मी लोकल आणि मेट्रोनं जाऊ शकत होतो. देतो म्हणालो. मग तिनं विचारलं, "गाडी नीट आहे ना रे? पावसाचे दिवस आहेत."

"एकदम ठणठणीत," मी म्हणालो.

ठणठणीत नव्हती, आणि मला ते माहीत होतं.

मे महिन्यात एके दिवशी सकाळी सीप्झच्या सिग्नलला पहिल्यावरून दुसरा पडेना. लिव्हर दाबला, तो खाली गेला, पण गिअर पडल्याचा जो ठोका पायाला लागतो तो लागला नाही. पुन्हा दाबला, तेव्हा पडला. दोन-चार दिवसांनी पुन्हा तसंच. एका रविवारी गाडी पुसताना लिव्हर हातानं हलवून बघितला. इंजिनातून बाहेर आलेला दांडा जागच्या जागी होता, पण लिव्हर मात्र त्याच्यावर थोडा पुढेमागे होत होता, सैल दातासारखा. लिव्हरच्या तोंडापाशी लालसर भुकटी जमली होती. पोलादावर पोलाद घासलं की अशी भुकटी निघते, गंजासारखी, पण गंजाहून मऊ. मी ती फडक्यानं पुसली. जागा स्वच्छ दिसू लागली आणि मी उठलो.

ज्यांना यातलं फारसं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटरसायकलच्या डाव्या बाजूला गिअर शाफ्टचं टोक इंजिनाबाहेर डोकावतं. त्याच्यावर लांबट बारीक दाते असतात. लिव्हरच्या तोंडाच्या आत तसेच दाते असतात, आणि ते तोंड एका बाजूला चिरलेलं असतं. चिरेतून आडवा एक लहान बोल्ट जातो. तो आवळला की चीर मिटत येते आणि लिव्हरचे दाते शाफ्टच्या दात्यांना घट्ट धरतात. पायाचा सगळा जोर आत पोचतो तो त्या एका बोल्टच्या भरवशावर. बोल्ट ढिला झाला की दाते एकमेकांवर सरकायला लागतात, सरकले की घासतात, घासले की आणखी सरकतात. सुरुवातीला दहाचा पाना घेऊन बोल्ट आवळला तर काम होतं, दोन मिनिटांचं. उशीर झाला की मग बोल्ट कितीही आवळा, चीर पूर्ण मिटते आणि तरी पकड येत नाही, कारण धरायला दातेच उरलेले नसतात. मग लिव्हर शाफ्टवर नुसता फिरतो.

दहाचा पाना माझ्या गाडीच्या सीटखाली होता. पूर्ण मे, पूर्ण जून तो तिथे होता.

आणि मी कोण? गेली एकोणीस वर्षं मी कंपनीत तयार मालाची तपासणी करतो. गेज लावतो, मापं घेतो, चुकलेल्या नगाला लाल टॅग बांधतो. आवळलेल्या बोल्टवर रंगाची बारीक रेघ ओढायची, बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर. पुढे कधीही ती रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट फिरला. ही रेघ ओढायला नव्या मुलांना मी शिकवतो. रोज संध्याकाळी कागदावर "तपासले" असं लिहून सही करतो. ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्याकडून अशी चूक झाली असती तर मी त्याला माफ केलं असतं. मला ती सवलत नाही.

मग मी बोल्ट का आवळला नाही? वेळ नव्हता, असं मी बराच काळ स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. रोज संध्याकाळी कंपनीबाहेर टपरीवर मी दहा मिनिटं चहा घेत उभा असतो आणि गाडी शेजारीच असते. महिनाअखेरीस सर्व्हिसिंगला टाकू, हे दुसरं कारण. मे गेला, जून गेला, सर्व्हिसिंगला टाकली नाही. पार खाली उतरून बघितलं की एकच कारण सापडतं. गाडी चालत होती. माझ्या पायानं एक युक्ती शोधून काढली होती. लिव्हर दाबताना बूट किंचित तिरका करून त्याला इंजिनाच्या बाजूला रेटायचं, म्हणजे दाते धरायचे. आठ-दहा दिवसांत पायाला ती सवय झाली आणि सवय झाल्यावर मला बिघाड जाणवायचाच बंद झाला. बिघाड होता तिथेच होता. तो फक्त माझ्या पायानं झाकला होता.

किल्ली देताना ही युक्ती मी भाच्याला सांगितली नाही. यावर मी फार दिवस अडलो आहे. तो रविवारी संध्याकाळी घरी आला, मी खाली पार्किंगमध्ये त्याला गाडी दाखवली. पेट्रोल किती आहे, चोक कुठे आहे, स्टँड कसा अडकतो, सगळं सांगितलं. "दुसरा गिअर जरा..." हे शब्द तोंडाशी आले होते. मी ते गिळले. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, "मग मामा, नीट का नाही करून घेतलास?" किंवा घरी जाऊन आईला सांगितलं असतं, आणि ताईनं मला विचारलं असतं. माझं "ठणठणीत" उघडं पडलं असतं. बावीस वर्षांच्या पोरासमोर क्षणभर खाली बघावं लागू नये म्हणून मी त्याला तशी गाडी दिली. याहून मोठं कारण शोधूनही सापडलेलं नाही. सापडायला हवं होतं असं वाटतं, कारण एवढ्या लहान कारणासाठी आपण कुणाचा जीव टांगणीला लावला, हे मान्य करणं जड जातं.

दोन रात्री नीट गेल्या. तिसऱ्या रात्री जोराचा पाऊस होता आणि तो गाडी मला परत करायला मुलुंडकडे निघाला होता, कारण चौथ्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली होती. सीप्झवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरून पवई, आयआयटी, गांधीनगर आणि मग एलबीएस मार्गानं मुलुंड, हा आमचा नेहमीचा रस्ता. पवईत मधोमध मेट्रो ६ च्या कामाचे पत्रे लागलेले, रस्ता कुठे रुंद तर कुठे एकदम अरुंद. आयआयटीच्या मुख्य गेटच्या अलीकडे पत्र्यांपाशी त्यानं वेग कमी केला आणि चौथ्यावरून खाली येण्यासाठी टाच मारली. माझ्या गाडीला सगळे गिअर पुढे दाबून चढतात आणि टाचेनं उतरतात. लिव्हर मागे गेला आणि मागेच लोंबला. पुन्हा मारली. काही नाही. गाडी चौथ्यात, वेग पायी चालल्याइतका, इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

इथपर्यंत त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. एक गोष्ट मात्र त्यानं सांगायची गरजच नव्हती, कारण ती मला ठाऊक होती. माझी गाडी २०१२ ची. त्या काळच्या पुष्कळ साध्या मोटरसायकलींचा पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा इंजिन फिरत असेल तेव्हाच पेटतो. बॅटरीवर चालतात ते इंडिकेटर, हॉर्न आणि ब्रेकचा दिवा. म्हणजे इंजिन बंद पडलं त्या क्षणी, मध्यरात्री, पावसात, लिंक रोडच्या मधल्या लेनमध्ये, माझा भाचा दिव्याविना उभा होता. अंगावर काळा रेनकोट. तोही मीच दिलेला.

चौथ्यात अडकलेली गाडी ढकलणंही सोपं नसतं. न्यूट्रल मिळत नाही, म्हणून क्लच सतत दाबून धरावा लागतो. सोडला की मागचं चाक जाम. त्यानं डाव्या हातानं क्लच आवळून धरला आणि जवळजवळ दोन किलोमीटर गाडी ढकलत गांधीनगरच्या पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत आणली. पंपाच्या वॉचमननं गाडी लावू दिली. तिथून रिक्षा करून तो घाटकोपरला घरी गेला. मला त्यानं दोनदा फोन केला होता. माझा फोन सायलेंटवर होता. सकाळी मिस्ड कॉल दिसले.

मी पंपावर गेलो. उजव्या आरशाची काच गेलेली होती. गाडी पाडली वाटतं यानं, असं माझ्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर ते मनात आल्यावर मला किंचित बरं वाटलं. आता चूक दोघांची झाली होती. त्या बरं वाटण्याची मला आजही शरम वाटते.

कांजुरमार्गला रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मेकॅनिकनं बोल्ट काढला, लिव्हर दोन बोटांनी ओढला तशी तो अलगद हातात आला. त्यानं फडक्यानं तोंड पुसलं आणि मला आत बघायला सांगितलं. जिथे दाते असायला हवे होते तिथे गुळगुळीत गोल भोक होतं, तळाशी एका कोपऱ्यात चार-पाच दात्यांच्या खुणा तेवढ्या राहिलेल्या. "एका दिवसात नाही होत हे," तो म्हणाला. "दोन महिने ढिला चालवलाय. नशीब, शाफ्टचे दाते वाचलेत. ते गेले असते तर इंजिन खोलावं लागलं असतं." वेल्डिंगचा टाका मारून लिव्हर शाफ्टला कायमचा चिकटवून देऊ का, असं त्यानं विचारलं, स्वस्तात होईल म्हणाला. मी नको म्हणालो. त्या उष्णतेनं मागचं ऑइल सील जळतं आणि पुढे कधी ते बदलायचं झालं तर लिव्हर कापून काढावा लागतो. हे सगळं मला बरोबर माहीत होतं. यंत्राच्या बाबतीत मी त्या सकाळी अगदी चोख वागलो.

नवा लिव्हर, नवा बोल्ट, आरसा आणि मजुरी मिळून सहाशे ऐंशी रुपये झाले. गॅरेजच्या बाकावर बसूनच मी ताईला फोन केला आणि ती दोन वाक्यं बोललो. जुना लिव्हर समोर पडला होता. दोन महिने, असं तो माणूस पाच मिनिटांपूर्वीच म्हणाला होता.

शनिवारी भाचा घरी आला. पगार झाला होता, पहिला. त्यानं खिशातून सातशे रुपये काढून टेबलावर ठेवले. "मामा, माझ्यामुळे झालं. आई म्हणाली, मी पाय आपटतो." मी पैसे घेतले. आत जाऊन पाकिटातून वीस रुपये आणले आणि त्याला परत दिले. तेवढा हिशेब मी चुकू दिला नाही.

पुढचे चार महिने मी हे कुणालाही बोललो नाही. त्या काळात स्वतःची समजूत घालायला मी काय काय पुढे केलं, तेही लिहून टाकतो. कुणाला लागलं नाही, हे पहिलं. रस्त्यावर गाड्या बंद पडतातच, हे दुसरं. पोरानं शिकायलाच हवं, हे तिसरं, आणि यातलं सर्वांत लबाड. शिकायला हवं तर शिकवायला कोण हवं होतं? त्याला गाडी दाखवताना पाच मिनिटं जास्त दिली असती तर एवढं सांगता आलं असतं: गिअर पडेनासा झाला की आधी इंडिकेटर लावून डाव्या कडेला ये. मग खाली वाकून बघ. लिव्हरबरोबर शाफ्टही फिरतोय आणि तरी गिअर पडत नाही, तर बिघाड आत आहे, जोर करू नकोस. लिव्हर एकटाच फिरतोय, तर बिघाड बाहेर, त्या बोल्टपाशी आहे. सीटखाली पाना आहे, आवळून बघ. पकड येत नसेल तर पत्र्याचा बारीक तुकडा, कोल्ड्रिंकच्या कॅनचा असला तरी चालेल, तोंडात घालून आवळ. गाडी हळूच पुढेमागे हलवत दुसरा टाक आणि मग लिव्हरला पुन्हा हात लावू नकोस. क्लच सांभाळत सावकाश त्या एका गिअरवर घरी येता येतं. ढकलायचीच वेळ आली तर क्लचची दांडी रुमालानं मुठीला बांधून टाक, म्हणजे हात मोकळे राहतात. एवढंच. हे मला विशीपासून येतं. वडिलांनी शिकवलं. त्यांच्या स्कूटरचे गिअर हातानं मूठ फिरवून पडायचे, दोन वायरींवर. एक तुटली की गिअर एकाच दिशेनं जायचा. त्यांच्या डिकीत दोन्ही वायरी गुंडाळून ठेवलेल्या असायच्या आणि दर रविवारी ते मूठ फिरवून वायरींचा ताण बघायचे, मला शेजारी बसवून. भाच्याला वडील नाहीत. लहानपणीच गेले. तो माझ्याकडे बघत आला आहे. हे सगळं माझ्याकडे होतं आणि ते त्याला देण्याऐवजी मी त्याला एक दोष दिला.

गाडी देण्याआधीच्या त्या दिवसांत आमच्या कंपनीत रोज एकच विषय असायचा, अंधेरीचा गोखले पूल. ३ जुलै २०१८ च्या सकाळी पावसात त्याचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला होता, आणि नोव्हेंबर २०२२ पासून अख्खा पूलच बंद होता. पश्चिमेकडून येणारे लोक उशिरा पोचायचे, वैतागायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बोलायचो. गंज लोखंड एका रात्रीत खात नाही, कुणीतरी वेळेवर वाकून बघायला हवं होतं, असं तावातावानं बोलणाऱ्यांत मी पुढे असायचो. जे बोललो ते चूक नव्हतं. पण ज्या महिन्यांत ते बोलत होतो त्याच महिन्यांत माझ्या पायाखाली लाल भुकटी जमत होती आणि मी ती फडक्यानं पुसत होतो.

एकदा रात्री झोप येईना म्हणून मोटार वाहन कायदा काढून बसलो. १९८८ च्या त्या कायद्यात कलम १९० आहे. दोष असलेलं वाहन रस्त्यावर चालवणारा त्यात दोषी धरला आहे, आणि चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही. त्या दोषामुळे लोकांना धोका होईल अशी स्थिती हवी. तो दोष माणसाला माहीत असायला हवा, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा असायला हवा. म्हणजे माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता येत नाही. मला तर माहीतही होतं. रिक्षा-टॅक्सीला ठरावीक मुदतीनं पासिंगला जावं लागतं, कुणीतरी परका माणूस ती तपासतो. खासगी मोटरसायकलची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांची. मधल्या काळात पीयूसीला तिचा धूर तपासला जातो. बोल्ट कुणी बघत नाही. माझ्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ ला भरतील. तोवर तिचा तपासनीस मीच. हे वाचताना माझ्या कंपनीतल्या कागदावरची सही डोळ्यांसमोर आली.

तरीही मी बोललो नाही. बोललो तो भाऊबीजेला, आणि तेही आपणहून म्हणता येणार नाही.

पंतनगरला ताईकडे गेलो होतो. तिनं ओवाळलं, मी ताटात पाकीट ठेवलं. भाचा शेजारी उभा होता. ताई सहज म्हणाली, "मामाला नमस्कार कर. गाडी बिघडवलीस तरी एका शब्दानं बोलला नाही तुला." त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. त्याच डाव्या पायाला, ज्यानं बूट तिरका करून मी दोन महिने गिअर टाकले होते. मला तिथे बसवेना.

मी त्याला बाहेर गॅलरीत बोलावलं आणि सांगितलं. मे महिना, भुकटी, पाना, किल्ली देताना गिळलेले शब्द, मेकॅनिक जे बोलला ते, सगळं. त्याचे सहाशे ऐंशी रुपये खिशातून काढून दिले. माझी अपेक्षा होती की तो चिडेल, किंवा "जाऊ दे मामा" म्हणेल. त्यानं दोन्ही केलं नाही. तो खूप वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

मग त्यानं आरशाचं सांगितलं. गाडी पडली नव्हती. इंजिन बंद पडल्यावर तो ती डावीकडे ओढत होता, मागून काँक्रीटचा मिक्सर आला. दिवा नसल्यामुळे मिक्सरवाल्याला हा फार उशिरा दिसला असावा. मिक्सर उजव्या बाजूनं इतका खेटून गेला की आरशाची काच फुटून रेनकोटवर पडली. त्यानं हात पुढे करून अंतर दाखवलं. वीतभर. त्या रात्री घरी आल्यावर डाव्या हाताची बोटं सकाळपर्यंत मिटत नव्हती, क्लच धरून सुजली होती, आणि उजवा हात थरथरत होता. आईला त्यानं यातलं काहीच सांगितलं नाही. मलाही नाही. "मला वाटलं, मीच काहीतरी मोडलंय. त्यात हे सांगितलं असतं तर आईनं परत गाडीला हात लावू दिला नसता. म्हणून नाही बोललो."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी समजत होतो की खोटं बोलून मी त्याच्यावर सहाशे ऐंशी रुपयांचा आणि थोड्या बदनामीचा भार टाकला. प्रत्यक्षात त्याला चूक आपली वाटली, म्हणून त्यानं तोंड मिटलं, आणि वीतभर अंतरावरून गेलेलं मरण तो चार महिने एकटाच पोटात घेऊन हिंडत होता. त्याच्याशी त्याबद्दल कुणी बोललं नाही. पाठीवर हात ठेवला नाही. त्या रात्रीनंतर लिंक रोडवर मागून मोठी गाडी आली की त्याच्या खांद्यात गोळा येतो, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं. ते मला भरून देता येण्यासारखं नाही.

ताईला सांगायला मी स्वयंपाकघरात गेलो. ती करंज्यांचा डबा भरत होती, माझ्यासाठीच. मी उभ्यानं सगळं सांगितलं, मिक्सरचं सोडून. ते सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोपवलं होतं. त्यानं पुढे सांगितलं. तिनं डब्याचं झाकण लावलं नाही, तसंच हातात धरून ती उभी राहिली. रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं ना रे तुला."

विचारलं होतं. याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. डबा तिनं दिला. मी तो घेतला आणि घाटकोपर स्टेशनपर्यंत चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीजवळ खाली बसलो. नवा बोल्ट दहाच्या पान्यानं तपासला, घट्ट होता. मग बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली मागून आणली आणि बोल्टच्या डोक्यावरून लिव्हरच्या तोंडावर एक बारीक रेघ ओढली. पुढच्या ब्रेकची वायर, साखळीचा ताण, टायर, सगळं बघितलं. काळा रेनकोट भंगारात दिला आणि चमकत्या पट्ट्यांचा पिवळा आणला. तेव्हापासून दर रविवारी मी दहा मिनिटं तिथे बसतो. रेघ जागेवर असली तरी पाना लावून बघतो.

मार्चमध्ये भाच्याला बोरिवलीला एका ठिकाणी मुलाखतीला जायचं होतं. त्यानं गाडी मागितली. मागेल असं मला वाटलं नव्हतं. ताईला विचारून आला होता. मी किल्ली हातात घेतली आणि देण्याआधी सांगत गेलो. हॉर्न पावसात कधीकधी बसतो. मागचा ब्रेक थोडा खोल दाबावा लागतो, सोमवारी करून घेणार आहे. इंजिन बंद पडलं तर मागचा दिवा जातो, म्हणून टूलकिटमध्ये छोटी लाल ब्लिंकर बत्ती ठेवली आहे, ही बघ. तो ऐकत होता. माझं संपलं असं वाटलं तरी त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला नाही. तो गाडीच्या डाव्या बाजूला गेला, उकिडवा बसला, मोबाइलची बत्ती लावली आणि लिव्हरच्या तोंडाशी डोळे नेले. बोट ठेवून बघितलं.

"रेघ सरळ आहे," तो म्हणाला आणि उठला.

गाडी गेटमधून बाहेर पडली. मी तिथेच उभा होतो. पहिला पडला, मग दुसरा, आणि कोपऱ्यावरच्या वडापर्यंत पोचता पोचता तिसरा पडल्याचा आवाज ऐकू आला.